‘-मुळे’, ‘-पायी’ आणि ‘भर’ : स्मृतिभ्रंश व धूम्रपान यांच्या संबंधाचा एक भाषिक विचार

स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची शुश्रूषा करणारी स्त्री वैद्यासमोर बसली म्हणजे औषधाच्या प्रश्नापाठोपाठ दुसरा एक प्रश्न पुष्कळदा विचारते : ‘विडीमुळे झालं का हे?’ प्रश्न चार शब्दांचा आहे. परंतु त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र आलेले असतात. विडी व हा रोग यांचा संबंध आहे काय, हा पहिला. आपल्या माणसाला रोग झाला तो विडीने झाला काय, हा दुसरा. आणि दोष कोणाचा, ओढणाऱ्याचा की त्याला न अडविणाऱ्या आपला, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला शास्त्रापाशी बऱ्यापैकी निश्चित उत्तर आहे. दुसऱ्याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही, व का देऊ शकत नाही हे मात्र नेमके सांगता येते. तिसरा प्रश्न वैद्यकाचा नव्हेच; तो मुख्यतः भाषेने उभा केलेला आहे. हे तीन प्रश्न वेगळे करून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचनासाठी रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महाड व पोलादपूर हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. सावित्री नदीच्या खोऱ्यातील हा डोंगराळ मुलूख. पोलादपूर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, तर महाड त्याच नदीच्या काठी खाली. १९८१ पूर्वी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. भातशेतीवर वर्षाचा निर्वाह होत नाही म्हणून येथील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरली. गिरणी, गोदी, हॉटेल व गोदाम येथे उमेदीची वर्षे घालविली, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर वा पुढे निवृत्तीनंतर त्यांतील अनेक जण गावी परतले. मुले मुंबईत, पनवेलीत किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत. घरात राहिली ती दोन वृद्ध माणसे. अशा घरात स्मृतिभ्रंश आला म्हणजे शुश्रूषेचा सगळा भार एकाच व्यक्तीवर पडतो, व ती व्यक्ती बहुधा पत्नी असते.

१. रोगाचे नाव

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द मराठीत आज वैद्यकीय संज्ञा म्हणून रूढ आहे. तो नव्याने घडविलेला नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६३ व्या श्लोकात तो येतो व कीर्तन-प्रवचनांच्या द्वारे खेड्यापाड्यांतील श्रोत्यांच्याही कानांवरून गेलेला आहे. तेथे तो एका साखळीतील दुवा आहे : विषयांच्या चिंतनातून आसक्ती, तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, आणि त्यातून बुद्धीचा नाश. आयुर्वेदातही चरकाने बुद्धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या अशुभ कर्मास ‘प्रज्ञापराध’ म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी स्मृतीचा भ्रंश हा माणसाच्या आचरणाच्या साखळीत गोवलेला आहे. आधुनिक संज्ञा म्हणून हा शब्द स्वीकारताना ती साखळी आपण मागे ठेवली, असे आपण समजतो. परंतु शब्द आपले जुने सोबती सहसा सोडून येत नाही.

बोलीतील शब्दांची स्थितीही अशीच. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रोगाला वयाचा स्वाभाविक धर्म ठरविते, म्हणून वैद्याकडे जाण्याची निकडच नाहीशी करते. ‘म्हातारचळ’ हा शब्द वर्तनातील बिघाडाला लहरीचे, क्वचित चारित्र्याचेही रूप देतो. रोगी घरातून निघून रानात भटकला तर ‘चकवा लागला’ असे म्हटले जाते, व कारण माणसाच्या बाहेर, अदृश्य शक्तीकडे जाते. वय, स्वभाव आणि बाधा अशी तीन कारणे नावातच दडलेली आहेत. त्यांपैकी कोणतेही मेंदूकडे बोट दाखवीत नाही.

नाव बदलल्याने काय साधते याचे एक उदाहरण जपानात आहे. तेथे या रोगास ‘चिहो’ म्हणत. त्या शब्दाच्या चिनी चित्राक्षरांतून मूर्खपणाचा अर्थ निघे. २००४ साली तेथील शासनाने तो शब्द टाकून ‘निन्‌चिशो’, म्हणजे ‘आकलनाचा विकार’, ही संज्ञा स्वीकारली. मराठीत शब्द बदलण्याची तितकी गरज नसेलही. पण त्याच्या मागून येणारा अपराधाचा सूर ओळखून ठेवणे आवश्यक आहे, कारण ‘विडीमुळे’ या शब्दातील प्रत्ययाला तोच सूर साथ देतो.

२. कारण दाखविणारी शब्दयोगी अव्यये

मराठीत कारण सांगण्याचे अनेक मार्ग आहेत आणि त्यांचे अर्थ सारखे नाहीत. ‘-मुळे’ हे ‘मूळ’ या नामापासून आलेले आहे. झाडाला जसे मूळ, तसे कार्याला एक कारण, ही कल्पना त्यात गृहीत आहे. ‘पावसामुळे रस्ता बंद झाला’ या वाक्यात ती बरोबर बसते.

‘-पायी’ची गोष्ट निराळी. ‘दारूपायी घर गेले’, ‘नादापायी शेत विकले’ असे आपण म्हणतो. ‘अभ्यासापायी उत्तीर्ण झाला’ असे म्हणत नाही. म्हणजे ‘-पायी’च्या पुढे बहुधा हानी येते, व ती हानी कोणाच्या तरी आसक्तीची किंमत असते. ‘विडीपायी गेले’ या वाक्यात कारण आणि निवाडा एकाच वेळी उच्चारले जातात.

तिसरा मार्ग ‘निमित्त’. ‘तापाचे निमित्त झाले’ असे म्हणताना मूळ कारण दुसरीकडे, बहुधा आयुष्याच्या दोरीत, आहे असे सुचविले जाते. ताप केवळ प्रसंग ठरतो. चौथा मार्ग ‘भर’ : ‘आधीच दमा, त्यात धुराची भर पडली.’ येथे कारणे एकाहून अधिक आहेत, प्रत्येकाचा वाटा कमीजास्त आहे, आणि कोणताही एक वाटा काढून घेतला तरी बाकीचे शिल्लक राहतात.

आधुनिक रोगपरिस्थितिविज्ञान ज्यास ‘जोखीम घटक’ म्हणते त्याला मराठीत सर्वांत जवळची रचना ही चौथी होय. ‘-मुळे’ त्याला अपुरे आहे, ‘-पायी’ अन्याय्य आहे आणि ‘निमित्त’ त्याला फार हलके करते. हे विधान केवळ व्याकरणाच्या आवडीचे नाही. संशोधनातील आकडे पाहिले म्हणजे ते पटते.

३. संशोधनाचा प्रवास

१९५० साली ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी आणि अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. सिगारेट ओढणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १५ ते ३० पट असतो. इतक्या मोठ्या प्रमाणापुढे ‘-मुळे’ म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

स्मृतिभ्रंशाचा इतिहास असा सरळ नाही. १९८० ते १९९५ च्या सुमारास झालेल्या अनेक तुलनात्मक पाहण्यांत अल्झायमरच्या रुग्णांत धूम्रपान करणारे उलट कमी आढळले, व निकोटीन मेंदूचे रक्षण करते काय अशी चर्चा सुरू झाली. या निष्कर्षात दोन दोष होते. पहिला दोष मोजणीचा. जे धूम्रपान करणारे पन्नाशी-साठीत हृदयविकाराने वा कर्करोगाने मरण पावले, ते सत्तरी-ऐंशीतील रुग्णांच्या मोजणीत येणारच कसे? उरलेले धूम्रपान करणारे हे मुळातच चिवट प्रकृतीचे होते. दुसरा दोष हितसंबंधाचा. कॅटाल्डो, प्रोचास्का व ग्लान्झ यांनी २०१० साली ४३ अभ्यासांची छाननी केली. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश अभ्यासांच्या लेखकांचा तंबाखू उद्योगाशी संबंध होता, आणि धूम्रपान संरक्षक ठरविण्याचा कल त्यांच्यात दिसून आला. स्वतंत्र अभ्यासांचा निष्कर्ष याच्या विरुद्ध होता.

निरोगी माणसांना आधी नोंदवून पुढे वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांनी चित्र पालटले. १९९८ साली रॉटरडॅम येथील अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीच्या आसपास आढळला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात २१ हजारांहून अधिक व्यक्तींची मध्यम वयातील नोंद पाहिली गेली. दिवसाला दोन पाकिटांहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुपटीहून जास्त होते. अशा अनेक अभ्यासांची एकत्र सरासरी काढली असता धूम्रपान करणाऱ्यांचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे १·३ पट येतो.

यामागील शारीरिक व्यापारही समजण्याजोगा आहे. धुरातील द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा करतात, वाहिन्या कठीण व अरुंद होतात, मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांचा रक्तपुरवठा तुटून लहान लहान भाग मृत होतात. रक्तवाहिन्यांच्या विकारातून उद्भवणारा स्मृतिभ्रंश तो हाच. अल्झायमरच्या प्रकारातही ही इजा मूळच्या बिघाडात भर घालते. विडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज शिरत नाही, ती विझू नये म्हणून खोल व वारंवार झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे आत जाणारा कार्बन मोनॉक्साइड व डांबर सिगारेटीपेक्षा कमी नसते, अधिकच असते.

४. तेरांतील तीन

आता दुसरा प्रश्न : ‘ह्यांना’ झाला तो विडीने झाला काय? येथे १·३ या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. समान वयाच्या व इतर बाबतींत सारख्या अशा दोन मोठ्या गटांची कल्पना करावी. न ओढणाऱ्यांच्या गटात ठरावीक काळात १० जणांना रोग झाला, तर तेवढ्याच संख्येच्या ओढणाऱ्यांच्या गटात १३ जणांना होईल. या १३ पैकी १० जणांना तो विडी नसतीही तरी झाला असता; विडीच्या वाट्याचे जादा रोगी तीन. परंतु ते तीन कोणते हे सांगण्याचा मार्ग नाही. तेराही जणांच्या मेंदूवर तसा शिक्का नसतो. म्हणून ‘विडीने धोका वाढतो’ हे विधान खरे, आणि ‘ह्यांना विडीने झाले’ हे विधान सिद्ध न करता येणारे, अशी स्थिती आहे. दोन्ही वाक्यांत विरोध नाही. पहिले समूहाविषयी आहे, दुसरे व्यक्तीविषयी.

२०२४ साली लॅन्सेट आयोगाने टाळता वा बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. हे सर्व नाहीसे करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील वा लांबतील, असा त्याचा अंदाज आहे. त्यांत धूम्रपानाचा वाटा २ टक्के धरला आहे. कमी ऐकू येणे व रक्तातील अपायकारक मेद यांचा प्रत्येकी ७, बालपणीच्या शिक्षणाचा अभाव व एकाकीपणा यांचा प्रत्येकी ५, प्रदूषित हवेचा ३. मधुमेह, रक्तदाब व व्यायामाचा अभाव यांचा प्रत्येकी २. उरलेल्या ५५ टक्क्यांत वय, आनुवंशिकता आणि आज आपल्या हातात नसलेले सर्व काही येते. महाड-पोलादपुरातील एखाद्या वृद्ध गिरणी कामगाराचे आयुष्य या यादीशी ताडून पाहिले तर काय दिसते? चौथीत सुटलेली शाळा, मागांच्या खडखडाटात गेलेली वर्षे व त्याने मंदावलेले कान, गावी परतल्यावर आलेले एकटेपण, चुलीचा धूर, तपासला न गेलेला रक्तदाब, आणि विडी. यांपैकी विडी तेवढी त्याच्या हातात दिसत असे. दोष तिलाच चिकटतो याचे एक कारण तिचे हे दिसणे होय. शाळा सुटली तो दिवस कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

उलट बाजूनेही हीच सावधगिरी हवी. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली असे दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, आणि हा फरक निरक्षर व्यक्तींतही टिकून होता. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा निष्कर्ष सुखावणारा आहे. तथापि हाही समूहाचाच निष्कर्ष आहे. मुंबईत हिंदी-गुजराती शिकलेल्या एखाद्या माणसाला रोग झालाच, तर त्याची दुसरी भाषा कमी पडली असा अर्थ कोणी काढू नये.

५. घरातील बोली व रोगाची चाहूल

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७·४ टक्के व्यक्तींना, म्हणजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीतून निघाला. शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक आढळले. इतक्या रुग्णांपैकी पुष्कळांचा रोग उशिरा ओळखला जातो. याला वैद्यकीय सोयींचा अभाव हे कारण आहेच. पण घरातील भाषाव्यवहारही त्यास हातभार लावतो.

अल्झायमरच्या प्रारंभी नामे निसटू लागतात व त्यांच्या जागी ‘ते’, ‘हे’, ‘अमुक’ अशी रिकामी सर्वनामे येतात. आता जुन्या वळणाच्या मराठी घरात पती-पत्नी एकमेकांना नावाने हाक मारीतच नाहीत. ‘अहो’, ‘अगं’, ‘हे’, ‘थोरल्याची आई’ यांवर संसाराची पन्नास वर्षे निघतात; नाव घेण्याचा प्रसंग उखाण्यापुरता. पत्नीचे नाव आठवेनासे झाले तरी ते उघडकीस येण्यास प्रसंगच मिळत नाही. ‘ते तिथलं ते आण गं’ हे वाक्य निरोगी माणसाचेही असू शकते, आणि इतक्या वर्षांच्या सहवासाने पत्नीला ‘ते’ कोणते हे बरोबर कळते. तिची समजूत जितकी गाढ, तितका रोग अधिक काळ झाकला जातो. हा तिचा निष्काळजीपणा नव्हे.

पहिली चाहूल लागते तीही बहुधा जोडीदारालाच, व ती दुखविणाऱ्या रूपात. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट या ५१ वर्षांच्या स्त्रीला तिच्या पतीने आणले, तेव्हा आरंभीचे लक्षण विसराळूपणाइतकेच पतीविषयीचा अकारण संशय हे होते. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिला पतीचे नाव विचारले असता तिने स्वतःचेच नाव सांगितले. १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूचे परीक्षण करून अल्झायमर यांनी त्याच वर्षी तिची हकीकत मांडली, व १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी रोगाला त्यांचे नाव दिले. संशय, आळ, चिडचिड ही मेंदूच्या विकाराची लक्षणे आहेत, संसाराचा निकाल नव्हे, हे पत्नीला वेळीच कळणे औषधाइतके मोलाचे आहे.

चाचण्यांनाही भाषेची मर्यादा आहे. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी रचलेली चाचणी निरक्षर माणसाला विनाकारण रोगी ठरवू शकते. म्हणून हरियाणातील बल्लभगड येथे गांगुली व सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसविली. सावित्रीच्या खोऱ्यातील वृद्धाची परीक्षा घेताना प्रमाण मराठीतील प्रश्न त्याच्या बोलीत विचारले गेले पाहिजेत, हे यावरून ओघानेच येते.

६. सोबतीची भाषा आणि हातातली विडी

‘विसरणे’ व ‘आठवणे’ या दोन क्रियापदांच्या रचनेत भेद आहे. ‘तुम्ही विसरलात’ यात माणूस कर्ता आहे. ‘तुम्हांला आठवत नाही’ यात तो अनुभव घेणारा आहे. पहिल्या वाक्यात आरोप शिरतो, दुसऱ्यात परिस्थिती सांगितली जाते. त्याचप्रमाणे ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न म्हणजे रोग्यापुढे रोज ठेवलेली परीक्षा, व तीत तो रोज अनुत्तीर्ण होतो. त्याऐवजी ‘थोरला आलाय मुंबईहून, तुमच्याजवळ बसतोय’ असे विधान केले तर त्याच्या हाती नाव, नाते आणि प्रसंग तिन्ही येतात. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत क्रिस्टीन विल्यम्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे दाखविले की, वृद्धांशी लहान मुलांसारखे बोलले असता त्यांचा विरोध वाढतो. मराठीत हा घसरणीचा मार्ग ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्याचा आहे. ‘अहो’ टिकविल्याने रोग बरा होत नाही. पण रोग्याची घरातील जागा टिकते.

आता विडीचे काय करावे? सोडल्याने गेलेली स्मृती परत येत नाही. परंतु पक्षाघाताचा व हृदयविकाराचा धोका कमी होतो. ज्यांना रोग झालेला नाही अशांनी सोडल्यास काही वर्षांत त्यांचा स्मृतिभ्रंशाचा धोकाही न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो. शिवाय पेटती विडी कोठे ठेवली हे न आठवणे, ही पेंढा व लाकूडफाटा असलेल्या घरात प्रत्यक्ष आगीची भीती आहे. काडेपेटी पत्नीच्या ताब्यात असावी, विडी सोबत बसूनच ओढली जावी, व हळूहळू कमी करण्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावा. आताच ओढल्याचे न आठवून तो पुन्हा मागेल. तेव्हा ‘आत्ताच तर ओढलीत’ हा वाद निष्फळ आहे, चहा किंवा अंगणातील फेरी अधिक उपयोगी पडते. येथे एक इशारा जरूर आहे. विडी काढून घेणे हे आरोग्यासाठी असावे, झाल्या गोष्टीची शिक्षा म्हणून नसावे. दोहोंची कृती एकच दिसते, आवाज निराळा असतो.

आणि घरातील दुसऱ्या माणसाचे काय? महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार प्रौढांपैकी ३·८ टक्के धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखू २४·४ टक्के वापरीत होते. त्यात स्त्रियांची मिश्रीही आली. शुश्रूषा करणारी पत्नी स्वतः चुलीच्या धुरात, अपुऱ्या झोपेत व एकटेपणात असते. एकटेपण हा त्याच १४ घटकांतील एक आहे. तिचा रक्तदाब, तिचे कान, तिची रात्रीची झोप यांची विचारपूस करणे हा रोग्याच्या उपचाराचाच भाग होय. मानसिक आधारासाठी १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे शासनाचे दूरध्वनी क्रमांक आहेत. परंतु दुपारचे दोन तास रोग्यापाशी बसणारी शेजारीण वा पुतण्या यांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

तात्पर्य, ‘विडीमुळे झालं का?’ या प्रश्नास ‘होय’ हे उत्तर अतिव्याप्त आहे आणि ‘नाही’ हे असत्य आहे. खरे उत्तर मराठीत सहज मांडता येते : अनेक गोष्टी साठत आल्या, त्यात विडीचीही भर पडली असेल, किती, ते एका माणसापुरते कोणी सांगू शकत नाही, आणि तुम्ही अडवले असते तर हे टळलेच असते असेही कोणी म्हणू शकत नाही. मुलांनी मात्र आजच सोडावी. हे उत्तर ‘-मुळे’पेक्षा लांब आहे. पण ज्या बाईला त्याच्यासह पुढची वर्षे काढावयाची आहेत, तिला आखूड उत्तराचे ओझे अधिक होते.